बर्फाच्या मुलखातला फुलांचा उन्हाळा: मिनेसोटात परसातली आणि रस्त्याकडेची फुलं कशी बघावीत, कशी लावावीत

आई पहिल्यांदा आमच्याकडे, अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात, आली ती जुलैत. संध्याकाळी तळ्याकडेच्या पायवाटेवर फिरताना तिनं एका रोपाचं पान सहज मोडलं, बोटाला पांढरा चीक लागला आणि ती जागीच थांबली. "अगं, ही तर रुई!" रोप छातीपर्यंत उंच, पानं जाड आणि खालून लवदार, वर फिकट गुलाबी फुलांचे गोल झुबके. सात वर्षं मी त्या वाटेनं जात होते आणि त्याला तण समजत होते.

ती रुई नव्हती, पण आई फारशी चुकलीही नव्हती. इथे त्याला मिल्कवीड म्हणतात आणि ते रुईच्याच कुळातलं आहे. आपल्याकडे रुईच्या पानावर बिबळ्या कडवा फुलपाखराची अळी वाढते. इथे मिल्कवीडवर त्याच्या चुलतभावाची, मोनार्कची अळी वाढते. मोनार्क हे मिनेसोटाचं राज्य-फुलपाखरू. त्या दिवसापासून मी इथली फुलं नात्यागोत्यानं ओळखायला लागले. पुढे जे लिहिते आहे ते मिनियापोलिस-सेंट पॉल आणि आसपासच्या भागासाठी आहे. विस्कॉन्सिन, डकोटा किंवा मॅनिटोबात राहणाऱ्यांनी तारखा आठ-दहा दिवस मागेपुढे कराव्यात.

पहिली पायरी: एकच वाट ठरवा

सगळ्यात मोठी चूक म्हणजे "एकदा फुलं बघायला जाऊ" असं म्हणणं. इथे फुलांना जेमतेम पाच महिने मिळतात. मेच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत फ्रॉस्टची, म्हणजे रोपं करपवणाऱ्या गोठलेल्या दवाची धास्ती, आणि सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबरच्या सुरुवातीला तो परत हजर. मधल्या काळात जूनचा दिवस साडेपंधरा तासांहून मोठा असतो. तेवढ्या उजेडात झाडं अक्षरशः धावत सुटतात. एकेका फुलाचा बहर दोन-तीन आठवड्यांचा, की लगेच दुसऱ्याची पाळी. कासच्या पठारावर भाद्रपदात आठवड्या-आठवड्याला रंग बदलतो ना, तसंच, फक्त इथे ते एप्रिलअखेरपासून सप्टेंबरपर्यंत चालतं.

म्हणून घराजवळची अर्ध्या तासाची एक वाट निवडा. तिच्यात थोडी झाडी, थोडं पाणी आणि थोडं न कापलेलं गवत असावं. तळ्याभोवतीची पायवाट किंवा जुन्या रेल्वेमार्गावरची सायकलवाट उत्तम. दर आठवड्याला ठरलेल्या दिवशी तिथे जा आणि फोनमध्ये तीनच गोष्टी टिपा: नवीन काय उमललं, भरात काय आहे, काय संपलं. दुसऱ्या वर्षी ही टिपणं कुठल्याही पुस्तकापेक्षा उपयोगी पडतात, कारण ती तुमच्या वाटेची असतात.

दुसरी पायरी: केव्हा, कुठे

एप्रिलअखेर ते मेचा मध्य रानातल्या फुलांचा. झाडांना पानं फुटून सावली पडायच्या आत, जमिनीलगतची ब्लडरूट, हिपॅटिका, ट्रिलियम घाईघाईनं फुलून घेतात. ही बघायला मिनियापोलिसच्या थिओडोर वर्थ पार्कमधली एलोइस बटलर रानफुलांची बाग गाठा. वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या एलोइस बटलर या शिक्षिकेनं १९०७ साली ती सुरू करवून घेतली. देशातली ही सर्वांत जुनी सार्वजनिक रानफूल-बाग. प्रवेश फुकट. वाटा अरुंद आहेत, बाबागाडी नेऊ नका.

मेच्या उत्तरार्धात गल्लीबोळात लायलॅकचं सुवासिक झुडूप फुलतं. त्यासाठी कुठे जायची गरज नाही, संध्याकाळी खिडकी उघडी ठेवा. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात पिओनी. तिच्याबद्दल पुढे बोलूच.

जूनच्या मध्यापासून जुलैच्या सुरुवातीपर्यंतचे दिवस मात्र कॅलेंडरवर लाल शाईनं लिहून ठेवा. मिनेसोटाचं राज्य-फूल, गुलाबी-पांढरं लेडीज स्लिपर, तेव्हा फुलतं. ते ऑर्किडच आहे, आपल्या सीतेच्या वेणीच्या कुळातलं, पण झाडावर लटकणारं नव्हे, ओल्या दलदलीत जमिनीतून उगवणारं. बी रुजल्यापासून पहिलं फूल यायला १६ वर्षंसुद्धा लागतात. आणि माणसं काय करतात, तर खणून घरी नेतात! असं नेलेलं रोप बहुतेक वेळा मरतंच. १९२५ पासून या फुलाला कायद्याचं संरक्षण आहे. त्याची एक गंमत: १८९३ मध्ये राज्य-फूल ठरवताना शास्त्रीय नाव चुकून अशा जातीचं लिहिलं गेलं, जी मिनेसोटात उगवतच नाही. ती चूक १९०२ मध्ये दुरुस्त झाली. कॅस लेकपासून ब्लॅकडकपर्यंत चिपेवा राष्ट्रीय अरण्यातून जाणाऱ्या रस्त्याला या फुलाचंच नाव दिलेलं आहे. त्या रस्त्यानं सावकाश गेलात तर गाडीतूनही झुपके दिसतात. पानांना हात लावू नका, त्यांच्या लवेनं काहींच्या कातडीला खाज सुटते.

त्याच सुमारास नैऋत्य कोपऱ्यात, लुव्हर्नजवळच्या ब्लू माउंड्स स्टेट पार्कमध्ये, लालसर खडकांच्या भेगांत निवडुंग फुलतो. हो, निवडुंग! फड्या निवडुंगाचा बुटका भाऊ, पिवळ्याधमक फुलांचा. हिवाळाभर बर्फाखाली सुरकुतून आडवा पडलेला असतो आणि उन्हाळ्यात परत फुगतो. पाहुण्यांना दाखवायला याच्याइतकं चकित करणारं दुसरं काही माझ्या माहितीत नाही.

जुलै हा गवताळ रानाचा महिना. काळ्या डोळ्यांची पिवळी रुडबेकिया, नारिंगी बटरफ्लाय वीड, मिल्कवीड आणि जांभळट मोनार्डा. मोनार्डाचं पान चुरगाळून हुंगा. ओव्यासारखा वास येतो, कारण ओव्यातलं थायमॉल त्यातही असतं. देठ चौकोनी, तुळशीसारखा, कारण कूळही तुळशीचंच. याच दिवसांत लेक हॅरिएटजवळची लिंडेल पार्कची १९०८ सालची गुलाबबागही बघून घ्या. थंडीत इथले नाजूक कलमी गुलाब जगवायची एक खास रीत आहे: ऑक्टोबरात शेजारी चर खणून, मुळं एका बाजूनं सैल करून अख्खं झुडूप आडवं करतात आणि मातीखाली गाडतात. एप्रिलमध्ये परत उभं करतात. मी एकदा करून पाहिलं. पाठ धरली. तेव्हापासून थंडीला दाद न देणारे झुडपी गुलाबच लावते.

ऑगस्टात जांभळे लिॲट्रिस, रानसूर्यफुलं आणि सोनेरी गोल्डनरॉड. शिंका यायला लागल्या की लोक गोल्डनरॉडला शिव्या देतात. तो निर्दोष आहे. त्याचा पराग जड आणि चिकट, तो माश्यांच्या अंगावरूनच जातो. शिंका येतात त्या त्याच वेळी फुलणाऱ्या, कुणाच्या नजरेतही न भरणाऱ्या हिरव्या रॅगवीडमुळे. आपल्या गाजरगवताचा तो नातेवाईक, यावरून काय ते समजा.

ऑगस्टातच ओढ्याकाठी सावलीत बघा. नारिंगी, ठिपकेदार, मागे वळलेल्या शेपटीचं फूल दिसेल. त्याची फुगलेली शेंग चिमटीत धरा. फट्‌कन फुटून बिया उडाल्या की ओळख पटेल: हा तेरडा! इथे त्याला ज्युएलवीड म्हणतात. गौरींच्या दिवसांत परदेशात तेरडा भेटावा याचा मला जो आनंद झाला तो सांगता येत नाही. पण तोडून आणलात तर घरी पोचेपर्यंत माना टाकतो. तेरड्याचा रंग तीन दिवस म्हणतात, याचा तीन तासही नाही.

सप्टेंबरात जांभळे ॲस्टर आणि निळं बॉटल जेन्शियन. हे जेन्शियन कधी उमलतच नाही, कळीसारखं मिटलेलंच राहतं. धिप्पाड बंबलबी पाकळ्या ढकलून आत शिरते आणि फूल तिच्यामागे परत मिटतं. दहा मिनिटं शांत उभं राहायची तयारी असेल तर हा खेळ बघायला मिळतो.

तिसरी पायरी: रस्त्याकडेला थांबायची रीत

मिनेसोटात एकेकाळी सुमारे १ कोटी ८० लाख एकर गवताळ रान होतं. आज त्यातलं एक-दीड टक्काच उरलं आहे. नांगराखाली न गेलेली जमीन राहिली ती बऱ्याचदा रेल्वेरुळांच्या आणि रस्त्यांच्या कडेला. म्हणून इथल्या रस्त्याकडेचा चर म्हणजे नुसता चर नसतो, कधीकधी तो हजारो वर्षांच्या रानाचा शेवटचा तुकडा असतो. शहराबाहेरच्या रस्त्यांकडेचं गवत, डांबराजवळची आठ फुटांची पट्टी सोडून, ३१ जुलैच्या आधी सरसकट कापायचं नाही असा राज्याचा कायदा आहे. जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांसाठी तो केला, पण फायदा फुलांचाही झाला. अर्थात आपल्याला त्यातून धडा एवढाच की रस्त्याकडेची फुलं जुलै संपायच्या आत बघून घ्यावीत. ऑगस्टात कापणीयंत्र फिरलं की हिरवळीचा गालिचा उरतो.

इंटरस्टेटवर फुलांसाठी थांबू नका. ते बेकायदा आहे आणि जिवावरचंही. काउंटीचे आतले रस्ते, त्यातही खडीचे, हेच फुलांचे रस्ते. गाडी पूर्ण कडेला घ्या, धोक्याचे दिवे लावा, मुलांना रहदारीपासून लांबच्या बाजूच्या दारानं उतरवा. सकाळी नऊच्या आत किंवा संध्याकाळी सहानंतर गेलात तर फोटोही चांगले येतात, दुपारच्या उन्हात रंग पांढरे पडतात.

कपडे: पूर्ण बाह्या, पायघोळ पँट, तिची टोकं मोज्यांत खोचलेली. दिसायला गबाळं दिसतं, दिसू दे. हरणांवरच्या गोचिडींमुळे इथे लाइम आजार होतो. घरी आल्यावर कपडे थेट ड्रायरमध्ये टाका आणि गुडघ्यामागे, काखेत, केसांच्या मुळाशी नीट तपासा.

त्याहून जास्त सांभाळायचं ते वाइल्ड पार्सनिपपासून. जून-जुलैत चरात छातीएवढं उंच, शेपूच्या फुलांसारखी पिवळी छत्री मिरवणारं झाड. त्याचा रस कातडीला लागला आणि वर ऊन पडलं की भाजल्यासारखे फोड येतात आणि काळे डाग महिनोन्‌महिने राहतात. माझ्या मनगटावर असा डाग दोन उन्हाळे होता, कारण मी त्याला शेपू समजून कौतुकानं हातात धरलं होतं. रस लागलाच तर लगेच साबणानं धुवा आणि तो भाग एक-दोन दिवस पूर्ण झाकून ठेवा. पिवळ्या छत्रीचं एक निरुपद्रवी देशी फूलही आहे, गोल्डन अलेक्झांडर. ते मे-जूनमध्ये, म्हणजे आधी फुलतं आणि गुडघ्या-मांडीएवढंच असतं. फरक कळेपर्यंत दोघांनाही लांबून नमस्कार. तीन-तीन पानांच्या पॉयझन आयव्हीचंही तेच.

तोडायचं का? स्टेट पार्कात फुलं तोडायला मनाई आहे. ऑर्किड, ट्रिलियम, रानलिली, जेन्शियन आणि कमळ यांना राज्यभर संरक्षण आहे. कमळ वाचून थबकलात ना? मिसिसिपीच्या संथ पाण्यात पिवळं कमळ फुलतं, आपल्या कमळाचं सख्खं भावंड. देवीसाठी तोडायचा मोह कितीही झाला तरी हात जोडून परत या.

एक कडू गोष्टही सांगायला हवी. डुलुथच्या पुढे सुपीरियर सरोवराच्या काठानं हायवे ६१ वर जूनअखेरीस जांभळ्या-गुलाबी ल्युपिनचे ताटवेच्या ताटवे दिसतात. सगळे त्यांचे फोटो काढतात. मीही काढते. पण तो ल्युपिन इथला नव्हे, देशाच्या पश्चिम भागातून आलेला आहे आणि तो देशी फुलांना बाजूला सारतो. पांढरी ऑक्स-आय डेझी, पिवळी टॅन्सी, पाणथळीतला जांभळा लूजस्ट्राइफ हेही असेच उपरे. पुण्याभोवतीच्या टेकड्यांवर पिवळा-नारिंगी कॉसमॉस फुलला की आपण रांगा लावतो, तोही मूळचा मेक्सिकोकडचा, असाच उपरा. बघा, आनंद घ्या, पण बी गोळा करून अंगणात टाकू नका.

नाव कळत नसेल तर आयनॅचरलिस्टसारखं ॲप वापरा. मात्र फक्त फुलाचा फोटो देऊ नका. पान, देठ आणि अख्खं रोप असे निदान तीन फोटो द्या, नाहीतर कुठल्याही पिवळ्या फुलाला ते सूर्यफूल म्हणून मोकळं होतं.

चौथी पायरी: परसात

झेंडूपासून सुरुवात करा. बी एप्रिलच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात घरात, खिडकीशी, छोट्या कपांत पेरा. रोपं मेच्या तिसऱ्या आठवड्यात बाहेर लावा, पण त्याआधी आठवडाभर रोज थोडा थोडा वेळ बाहेर ठेवून त्यांना वाऱ्या-उन्हाची सवय करा. थेट लावलीत तर पानं पांढरी पडतात. एक खुबी लक्षात ठेवा: हारांचा उंच, टपोरा झेंडू लहान दिवसांत लवकर कळी धरतो. इथल्या लांबलचक दिवसांत तो नुसता वाढत बसतो आणि उशिरा फुलतो. म्हणून गणपतीसाठी बुटका फ्रेंच झेंडू आणि दसऱ्यासाठी उंच, असे दोन्ही लावा. सुकलेलं फूल दर दोन-तीन दिवसांनी खुडलं की नवीन कळ्या येत राहतात. दसरा ऑक्टोबरात पडला आणि फ्रॉस्टचा इशारा आला, तर सूर्यास्ताआधी जुनी चादर जमिनीपर्यंत टेकेल अशी पांघरा आणि सकाळी काढा. प्लास्टिक नको, ते पानाला चिकटतं तिथेच पान करपतं. दूर्वांची हरळी मात्र इथल्या हिवाळ्यात जमिनीत टिकत नाही, तिला कुंडीतच ठेवा. जास्वंद आणि मोगऱ्याच्या कुंड्यांसोबत तीही, रात्रीचं तापमान १० अंश सेल्सिअसखाली जायला लागलं की, घरात.

आता पिओनी. पुण्या-मुंबईत जे फूल कधीच नीट येणार नाही असं एखादं लावायचं असेल तर हे लावा, कारण कळी धरायला तिला कडक थंडीच लागते. गड्डे सप्टेंबरात लावा. गड्ड्यावरचे लालसर डोळे मातीखाली दोन इंचांपेक्षा खोल जाऊ देऊ नका. माझं पहिलं झाड पाच वर्षं नुसती पानं देत राहिलं, कारण मी मायेनं ते हातभर खोल पुरलं होतं. कळ्यांवर मुंग्या दिसल्या तर औषध मारू नका, त्या कळीवरचा गोड रस चाटायला येतात आणि काही बिघडवत नाहीत. फुलं मोठी आणि जड असतात, पाऊस आला की जमिनीवर लोळतात. मेमध्येच तारेची कडी लावून घ्या.

तिसरा वाफा देशी फुलांचा, किमान सहा तास ऊन येईल अशा जागी. मिल्कवीड, मोनार्डा, रुडबेकिया, लिॲट्रिस, ॲस्टर आणि गोल्डनरॉड यांची प्रत्येकी तीन-चार रोपं एकत्र झुपक्यात लावा. एकेक सुटं लावलं तर ना डोळ्याला भरतं, ना माश्यांना सापडतं. लहान जागेत साधं मिल्कवीड नको, ते मुळांवाटे पसरून शेजाऱ्याच्या हिरवळीत उगवतं आणि मग बोलणी खावी लागतात. त्याऐवजी ओलसर जागी स्वॉम्प मिल्कवीड आणि कोरड्या जागी बटरफ्लाय वीड लावा. रोपं घेताना कीटकनाशक मारलेलं नाही ना, हे विचारून घ्या, नाहीतर मोनार्कच्या अळीला आपणच जेवायला बोलावून विष वाढल्यासारखं होईल. पहिलं वर्षभर आठवड्याला इंचभर पाणी. पुढे ती स्वतःचं बघतात. खत घालू नका, माजतात आणि आडवी पडतात.

जुलैत जपानी भुंगेरे गुलाबावर आणि झिनियावर तुटून पडतात. पहाटे ते सुस्त असतात, तेव्हा साबणाच्या पाण्याच्या डब्यात झटकून टाका. सशांसाठी कोंबड्यांच्या जाळीचं दोन फुटी कुंपण. हरणांसाठी खात्रीचा उपाय माझ्याकडे नाही, पण मोनार्डाला ती सहसा तोंड लावत नाहीत.

पाचवी पायरी: फुलदाणी

स्वतःच्या बागेतली फुलं सकाळी लवकर, दव असतानाच, धारदार कात्रीनं कापा आणि कापतानाच कोमट पाण्याच्या बादलीत ठेवा. पाण्यात बुडणारं प्रत्येक पान काढा, कुजतं ते तिथूनच. दिवसाआड पाणी बदला आणि देठाचा पाव इंच पुन्हा तिरपा कापा. पिओनी कळी असतानाच कापायची: दाबून बघितलं की मऊ लागली पाहिजे, आणि घरात आणण्याआधी मुंग्या झटका. झिनियाचा देठ खालून धरून हलवा. वरचं फूल लुळं डोलत असेल तर अजून कच्चं आहे.

सहावी पायरी: नोव्हेंबरात पेरणी

उन्हाळ्याची खरी पेरणी थंडीत होते. इथल्या बहुतेक देशी फुलांच्या बियांना ओली थंडी सोसल्याशिवाय जाग येत नाही. मेमध्ये पेरून वाट बघत बसलात तर फारसं काही उगवणार नाही आणि तुम्ही बी विकणाऱ्याला दोष द्याल. नोव्हेंबरात, जमीन गोठायच्या बेताला आली की, वाफ्यातलं गवत मुळासकट काढून माती उघडी करा. बारीक बी मूठभर ओल्या वाळूत मिसळा, म्हणजे एकाच जागी पडत नाही. मिल्कवीडच्या सुकलेल्या शेंगेतलं बी म्हातारीसारखं उडतं. कापूस काढून बी वेगळं करायचं काम घराबाहेरच करा, मी एकदा स्वयंपाकघरात केलं होतं आणि मार्चपर्यंत डब्यांमागे कापूस सापडत होता. बी फेकून झालं की वरून माती टाकू नका, नुसतं पायानं दाबा. बाकीचं बर्फ करतो. कोपऱ्यावर एक काठी रोवा आणि तिच्यावर पुसली न जाणारी शाई वापरून नाव लिहा. मेमध्ये कोवळं गोल्डनरॉड कोणतं आणि तण कोणतं, हे त्या काठीशिवाय तुम्हालाच काय, मलाही अजून कळत नाही.